न्हाई म्हणणारा डिबगर

किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही. माणसं रोज एका खोलीत बसली, की ते आपोआप साठतात. आमची खोली बीडमध्ये, टायरच्या दुकानावर. माणसं तीनच: मी, शिरूर कासारचा सदा आणि युसूफ वडगावच्या सुरेखाताई. आम्ही डिबगर बनवतो. एखादा प्रोग्राम मधेच मेला, की तो कुठल्या सूचनेवर अडला ते दाखवणारं सॉफ्टवेअर!

*

पहिल्याच आठवड्यात सुरेखाताईंनी खोडी काढली. मेमरीत जिथं काहीच नाही, असा पत्ता टाकून तिथली सूचना मागितली. डिबगरच बंद पडला!

"पेशंट बघायला आलेला डॉक्टरच आडवा झाला की!" ताई म्हणाल्या.

मला नवल वाटलं. नसलेल्या जागेकडं नुसतं बघून कुणी मरतं का? सदाचं मात्र तोंड उतरलं. कोड त्याचा होता.

*

सदाला कुणालाच नाही म्हणता येत नाही. एकदा कडा गावाला जाताना चहाला थांबलो होतो. एका मोटारसायकलवाल्यानं रस्ता विचारला. सदानं हातवारे करून डावं-उजवं सगळं सांगितलं. तो गेल्यावर मी म्हटलं, "तुला म्हाईत हाय व्हय हा रस्ता?"

"न्हाई बे! पण इतक्या आशेनं इचारतंय माणूस, रिकामं कसं पाठवायचं?"

*

डिबगरही त्यानं असाच दुरुस्त केला! चुकीचा पत्ता टाकला, की बिचारा जवळच्या चांगल्या पत्त्यावरची सूचना दाखवायचा. बंद पडणं थांबलं. आम्ही पेढे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सुरेखाताई सकाळपासून डिबगरनं दाखवलेल्या एका निष्पाप फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याच्या, मागं लागल्या. संध्याकाळी कळलं, प्रोग्राम तिकडं फिरकलाच नव्हता.

"सदा, कावून खोटं दाखवतो रे?"

"ताई, खोटं न्हाई. शेजारचं हाय!"

हसू आवरेना, पण हसायची वेळ नव्हती. पुढच्या आठवड्यात पुण्याच्या कंपनीला डेमो होता. हे काम गेलं तर ऑफिसला कुलूप, आणि तिघांनी पुण्यात नोकऱ्या शोधायच्या.

*

मग ठरलं. सरळ लिहायचं, 'या पत्त्यावरचं वाचता येत नाही', आणि पुढच्या हुकमाची वाट बघायची. सदाला ते लई तुसडं वाटलं. त्यानं आधी 'क्षमस्व' जोडलं, मग 'आपली गैरसोय झाली'.

"लगनाची पत्रिका हाय का ही?" म्हणत ताईंनी सगळं खोडलं.

*

डेमोच्या दिवशी पुण्याच्या मॅडमनी व्हिडिओ कॉलवर मुद्दामच भलता पत्ता टाकायला लावला. ती एक ओळ आली. पुढचा हुकूम दिला, तोही चालला. डिबगर जिवंत! आम्ही श्वास सोडतोय तोच त्यांनी विचारलं, "आमच्या जुन्या मशीनवर चालेल हे?"

ते मशीन आम्ही पाहिलंही नव्हतं. सदानं तोंड उघडलं. मी डोळे मिटून घेतले.

"माहीत नाही, मॅडम. बघून सांगतो."

सुरेखाताईंनी माझा दंड घट्ट धरला.

"बरं. सोमवारी मशीन पाठवते. काम सुरू करा."

कॉल संपला. सदा पांढराफटक पडून माझ्याकडं वळला.

"आत्ता मी काय बोललो बे?"