कुशाबाची जीभ

डिलाईल रोडच्या चाळीत कुशाबा घाडी जिभेसाठी प्रसिद्ध होता. बोलण्यासाठी नव्हे हो, बोलायला तर अख्खी चाळ तरबेज! कुशाबा पाणी चाखायचा. गिरणीच्या ब्लीच खात्यात त्याची उमर गेली. कापड धुवायच्या पाण्यात बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, थुंकायचं आणि हुकूम सोडायचा, "आंबाट झालाहा, सोडा घाला!" साहेबाच्या रंग बदलणाऱ्या कागदाला तो पोरखेळ म्हणायचा.

गिरणीनं त्याला घरी बसवलं, तशी बायको मीराबाई म्हणाली, "आता हय काय ऱ्हवलाहा तुमचा? चला गावाक."

कुशाबा चवताळला. "मुंबय आमची होवक इली आनि मी गावाक जांव? मोर्च्यात वरडान वरडान घसो माझो बसलो, नि पेढे दुसऱ्यांनी खावचे?" महाराष्ट्राला मुंबई मिळाल्याशिवाय आपण मुंबईतून हलणार नाही, असं त्यानं गॅलरीत उभं राहून जाहीर केलं.

"तवसर खातलात काय? घोषणा?" मीराबाईनं विचारलं.

प्रश्न बिनतोड होता. काम मिळालं तर मुंबई, नाहीतर गाव. पण नशीब बघा! दादरला मनमोहनराव विजयकर नावाचे जुन्या प्रभू घराण्यातले गृहस्थ होते, हौशी फार. त्यांनी बंगल्यामागे पोहायचा तलाव बांधला होता, आणि तो शेवाळून असा हिरवागार झाला होता की त्यात फक्त बेडूक पोहत होते. कुशाबा तिथं पोचला आणि मूठ वर करून गर्जला, "पाणी निवळ झालंच पाहिजे!" तुरटी फिरवली, ब्लीचिंग पावडर टाकली, चाखलं, थुंकला, सोडा टाकला, पुन्हा चाखलं. होता होता तळाच्या लाद्या दिसायला लागल्या.

"रविवारी पाहुणे येतायत," मनमोहनराव म्हणाले. "त्या दिवशी पाणी ठीक राहिलं, तर नोकरी कायमची. नाहीतर राम राम."

आणि नेमकी शनिवारी मालवणहून कुणीतरी हिरवी तिरफळं आणली. आता मीराबाईच्या हातात तिरफळं पडली आणि बांगड्याचं तिखलं झालं नाही, असं होईल का? ज्यांनी तिरफळ खाल्लं नाही त्यांना सांगायला हवं, त्यानं जीभ आधी नाचते, मग झोपी जाते. रविवारी सकाळी ते रात्रभर मुरलेलं तिखलं कुशाबानं भाकरीनं ताट पुसून खाल्लं आणि मिशीवर हात फिरवत कामावर निघाला.

पाणी चाखलं. काहीच लागलं नाही. "पावडर कमी हा," म्हणत त्यानं डबाभर टाकली. तरी काही लागेना. आणखी एक डबा. मग आणखी एक, मनाच्या समाधानासाठी. स्वतःच्या जिभेवर शंका घेईल तो कुशाबा कसला!

पाहुणे जमले. मनमोहनरावांनी गडद निळा पोहायचा पोशाख चढवून झोकात सूर मारला. पाहुण्यांसमोर चारदोन फेऱ्या मारून ते वर आले, तेव्हा डोळे लालबुंद, पोशाख विटका आणि कलप लावलेली काळीभोर मिशी अर्धी तांबडी! मिशीला कलप असतो हे तोवर फक्त न्हाव्याला आणि त्यांच्या पत्नीला, उर्मिलाबाईंना, ठाऊक होतं. उर्मिलाबाईंनी तोंडात पदर कोंबला, तरी हसू फुटलंच.

"गाढवा, पाण्यात घातलंस काय?" मनमोहनराव ओरडले.

"साहेब, माझी चूक नाय. तिरफळांची," कुशाबा काकुळतीला आला. सकाळच्या न्याहारीची हकीकत त्यानं सांगून टाकली.

"थापा मारतोस? मासळी खाऊन कुणाची जीभ जाते का रे?" मनमोहनराव कडाडले, पण मासळीचं नाव निघाल्यावर प्रभूंचा राग तो किती टिकणार? "आण ते तिखलं. खोटा ठरलास तर आजच चालता हो!"

कुशाबा धावत घरी गेला आणि उरलेल्या तिखल्याचा टोप घेऊन मीराबाईसकट हजर झाला. तिनं वाढलं. मनमोहनरावांनी खाल्लं, पुन्हा मागितलं, पाहुणेही ताटं घेऊन बसले. मग साहेबांनी पाण्यात बोट बुडवून चाखलं.

"काहीच लागत नाही!"

पाहुण्यांनीही चाखलं. काही नाही. कुशाबाचा जीव भांड्यात पडला. वाचली नोकरी!

वाढण्याच्या गडबडीत मीराबाई तेवढी उपाशी होती. सगळे चाखतायत म्हणून तिनंही बोट बुडवलं, आणि थूः थूः करत ओरडली, "अगो बाय माझे! ह्या पाणी हा? हेच्यात म्हस घाला, धवी गाय होवन भायर येतली! अर्धा उपसा नि नवा भरा!"

मनमोहनरावांनी तांबड्या मिशीवरून हात फिरवला. "बाई, उद्यापासून कामावर याल?"

अशी नोकरी लागली. मीराबाईला. डबे उचलायला कुशाबा.

 घरी परतताना कुशाबा हळूच म्हणाला, "मगे... गावाक कधी जावचा?"

"गावाक? नोकरी सोडून?" मीराबाई थांबलीसुद्धा नाही. "तुमची मुंबय येयत तेवा येयत. माझी इली!"