डाव्या अंगाला, वरून तिसरं

आमच्या आत्याला सही करता येत नव्हती, रेशन दुकानात ती अंगठा द्यायची. पण घरातल्या कॉम्प्युटरला काय झालंय, हे ती स्वयंपाकघरात लसूण सोलत बसल्या जागेवरून सांगायची. मी बटण दाबावं, पडदा काळाच राहावा, आतून लांब लांब शिट्ट्या याव्यात, आणि तिकडून आवाज यावा, "पट्टीवर मळ बसलाय रे. काढ आन् खोडरबरानं पूस." पट्टी म्हणजे रॅम. मी पदवीधर शिक्षक. पोरांना संगणक शिकवणारा. मी आधी वायर हलवून बघायचो, मग पडद्याला दोष द्यायचो, मग तासाभराने गुपचूप पट्टी काढून पुसायचो. कॉम्प्युटर सुरू व्हायचा. आत्या वर बघायचीसुद्धा नाही. मला त्याचा फार राग यायचा.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि दोन वर्षांच्या सदाला कडेवर घेऊन ती निरगुडसरला माहेरी आली, ती कायमची. आमच्या आजोबांची मेंढरं होती. आत्याचं सगळं लहानपण मेंढरांमागे गेलं. वडिलांनी शेती वाढवली, मेंढरं विकली, तरी अंगणात पाच-सहा तिच्यासाठी ठेवावी लागली. ती त्यांना आवाजावरून ओळखायची, आणि कॉम्प्युटरचंही तिने तेच केलं. मी एकदा म्हणालो, "आत्या, मशीन आहे ते, मेंढरू नाही." ती म्हणाली, "मुकंच की. मुक्याचं आदी ऐकावं, मग हात लावावा. तू आदी हात लावतूस."

शनिवार हा तिचा त्याला साफ करायचा वार. बिस्किटाच्या जुन्या डब्यात तिची हत्यारं असत: एक पेचकस, भिंती रंगवायचा मऊ ब्रश आणि माझ्या मुलीच्या दप्तरातून उचललेलं खोडरबर. कडेचा पत्रा उघडायचा, पंख्याच्या पात्यांमधली धूळ ब्रशने काढायची, पालीची अंडी आहेत का बघायची. कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळाचा सेल उतरला की सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येऊन सगळं अडायचं. तिला अक्षरं कळत नव्हती, पण वरच्या रांगेतलं डावीकडून दुसरं बटण दाबलं की पुढे जातं हे तिने एकदा बघून ठेवलं होतं. खंडेनवमीला डब्यातली ही हत्यारं मेंढरांच्या कातरीशेजारी पाटावर मांडली जायची आणि कॉम्प्युटरला हळदकुंकू लागायचं. एका वर्षी कुंकू कीबोर्डात सांडलं आणि आठ दिवस मला दोन शब्दांमध्ये जागा सोडता येईना. मी बडबड केली तेव्हा म्हणाली, "देवाचं हाय, जाईल हळूहळू." आणि गेलंही.

पत्रा उघडण्याआधी मात्र तिचा एक विधी होता. भिंतीतली पिन स्वतःच्या हाताने काढायची, पदराच्या टोकात गाठ मारून बांधायची आणि ती गाठ मांडीखाली दाबून बसायची. काम संपेपर्यंत पिन कुणाला द्यायची नाही. पाहुणे हसायचे. आम्ही हसत नव्हतो.

सदा, माझा आतेभाऊ, चोविसाव्या वर्षी विहिरीवर गेला. कांद्याला पाणी द्यायचं होतं, मोटर उचलत नव्हती. त्यातच लाईट गेली म्हणून त्याने स्टार्टरचं झाकण खोलून आत हात घातला. मेन खटका ओढायचा राहिला. लाईट आली. भर दुपारची वेळ होती आणि आत्या त्याची भाकरी घेऊन बांधावर पोचली होती. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. एकदाच, पदराला पिन बांधता बांधता, माझ्या बायकोला म्हणाली, "तवा येवडंच कुणाच्या हातात असतं, तर झालं व्हतं."

सदाचे फोटो दोनच, एक शाळेतला आणि एक आधार कार्डावरचा. आणि एक व्हिडिओ. तो जायच्या साधारण महिनाभर आधी मी माझ्या जुन्या फोनवर सहज काढलेला, चाळीस सेकंदांचा. आई मेलेलं एक कोकरू मांडीवर घेऊन सदा त्याला बाटलीने दूध पाजतोय. कुत्रं भुंकतं. सदा त्याला "हाड" म्हणतो. मग कोकरू बाटलीला ढुशी देतं, दूध त्याच्या शर्टावर सांडतं आणि तो हसतो. मग घराकडे तोंड करून हाक मारतो, "आये, बग कसं पितंय. आये, ये की." आणि आतून आत्याचा आवाज येतो, "आले रे, थांब." तिथे व्हिडिओ संपतो. ती बाहेर येण्याआधीच मी बंद केला होता. तेव्हा काय माहीत होतं.

पुढे तो फोन बिघडला. त्याआधी व्हिडिओ मी कॉम्प्युटरवर घेतला होता, एवढीच काय ती अक्कल. आत्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तो कुठल्या फोल्डरात न ठेवता समोरच, पडद्यावरच ठेवला. डाव्या अंगाला, वरून तिसरं चित्र. मीच तिचा हात माउसवर धरून शिकवलं, "इथं यायचं आणि दोनदा टकटक." पहिल्या दिवशी तिने ती टकटक अकरा वेळा केली.

मग ते रोजचंच झालं. मी घोडेगावच्या शाळेतून आलो, चहा झाला, की ती पदर सावरून खुर्चीत बसायची. भिंतीपलीकडे मी वह्या तपासत असायचो. कुत्रं, "हाड", हसणं, हाक. आणि "आले रे, थांब" हे वाक्य ती त्या आवाजाबरोबर स्वतःही म्हणायची. एकदा बघून झालं की बंद. कॉम्प्युटर नीट बंद करायचा, मग पिन, मग वरून अभ्रा. आता समजलं असेल, पंख्याची धूळ आणि पट्टीवरचा मळ यांची तिला एवढी काळजी कशासाठी होती. घरात सगळ्यांना ते माहीत होतं. मलाही माहीत होतं, हेच तर दुःख आहे.

आता माझ्याबद्दल सांगतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत मी घरात एक कायदा केला होता आणि पोरांना शाळेतही तोच सांगायचो, की सी ड्राइव्हमध्ये काही ठेवायचं नाही, जे काही आपलं ते डीमध्ये. फॉरमॅट मारायची वेळ आली तर सी पुसली जाते, डी वाचते. छडी आपटून सांगायचो. पडद्यावर ठेवलेली चित्रं सीमध्येच असतात, हेही सांगायचो.

त्या वर्षी निकाल ऑनलाइन भरायचे होते आणि कॉम्प्युटर फारच संथ झाला होता. आत्याने दोन दिवस ऐकलं आणि म्हणाली, "पंखा बरा हाय. पट्टी बरी हाय. हे दुकणं माज्यातलं न्हाई. घाई नको करू, कुणाला तरी दाव." संकष्टीला ती माझ्या आईबरोबर ओझरला गणपतीला गेली. मी सुट्टी टाकून घरी होतो. म्हटलं, येईपर्यंत तयार करून ठेवू, बघून खूश होईल. डी ड्राइव्ह दोनदा तपासली. सगळं जागेवर होतं. सीमध्ये आपलं काहीच नसतं, आपला कायदाच आहे. फॉरमॅट मारला. नवीन सगळं भरलं. तीन वाजता कॉम्प्युटर असा पळायला लागला की मी स्वतःलाच शाबासकी दिली.

त्या दोघी साडेपाचला आल्या. आत्याने माझ्या हातावर प्रसादाचं खोबरं ठेवलं. मी म्हणालो, "आत्या, बस. बघ आता कसा पळतोय." ती बसली. पडद्यावर नवीन निळं चित्र होतं. तिने माउस डाव्या अंगाला नेला, वरून तिसऱ्या जागी आणला आणि दोनदा टकटक केलं. तिथे काहीच नव्हतं. तिने पुन्हा केलं. मग माझ्याकडे वळून अगदी सहज विचारलं, "भाऊ, माज्या पोराला कुटं हलवलंस?"

माझ्या तोंडात खोबरं होतं. ते मला गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

नंतर जे करू नये तेच मी केलं. पुसलेलं परत आणणारं सॉफ्टवेअर शोधलं आणि त्याच कॉम्प्युटरवर भरलं, एक सोडून तीन. आत्या मागे उभी होती. ती एकदा म्हणाली, "कळत नसंल तर पिन काढून गप बसावं, भाऊ." मी तिच्यावर खेकसलो. आयुष्यात पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी हार्ड डिस्क पिशवीत घालून पुण्याला गेलो. तिथे असलं काम करणारा एक माणूस होता. त्याने आठ दिवस ठेवून घेतली. मग म्हणाला, "सर, फॉरमॅट झाल्या झाल्या बंद करून आणली असती तर काहीतरी निघालं असतं. तुम्ही त्याच जागेवर वरून भरत गेलात." म्हणजे तिने सांगितलं होतं तेच. फक्त ह्याने सांगितलेलं मला पटलं.

घरी आलो तेव्हा आत्या ओट्यावर बसली होती. तिने माझ्या हातातून डिस्क घेतली, पदराने पुसली. "जेवून घे," म्हणाली. मी जेवायला बसलो तेव्हा तिने पिन पदराला बांधून ती डिस्क स्वतःच्या हाताने जागेवर बसवली. ती बघत होती म्हणून खाल्लं.

तिने मला बोल लावला असता तर मी तिचे पाय धरून मोकळा झालो असतो. तिने नाही लावला. शनिवारची सफाई तशीच चालू राहिली, त्याच ब्रशने, तेवढाच वेळ. मी एकदा न राहवून म्हणालो, "आता कशाला करतेस?" तर म्हणाली, "तेचा काय गुन्हा?" मी तिच्या नजरेला नजर द्यायचं टाळू लागलो. शाळेतून मुद्दाम उशिरा यायला लागलो. तिने माझ्या बायकोजवळ एकच वाक्य काढलं होतं. ते बायकोने मला दोन वर्षं सांगितलं नाही. "माणूस जातं ते एकदा जातं म्हणत्यात. माजं दोनदा गेलं."

मग एक दिवस संध्याकाळी, लाईट नव्हती, मी दारात उजेडाला वह्या तपासत होतो. आत्या येऊन शेजारी बसली. मग म्हणाली, "भाऊ, भिताडापलीकडनं रोज ऐकायचास न्हवं तू?"

"हो."

"मग तुला पाठ असंल की. सांग."

मला वाटलं, ही माझी शिक्षा आहे. तिच्याकडे बघितलं तर ती गुडघ्यावर हात ठेवून, कॉम्प्युटरसमोर बसायची तशीच बसली होती. मी सुरुवात केली. सदा मांडीवर कोकरू घेऊन बसलाय. हातात बाटली आहे. कोकरू ढुशी देतं...

"न्हाई. आदी कुत्रं."

कुत्रं भुंकतं. तो "हाड" म्हणतो. कोकरू ढुशी देतं. दूध सांडतं. तो हसतो. माझं सांगणं अडखळलं, पण ती थांबू देईना. "मग?" मग तो वळतो आणि म्हणतो, "आये, बग कसं पितंय. आये, ये की."

"आले रे, थांब," आत्या म्हणाली. गुडघ्यावरचे हात काढले आणि उठून चुलीकडे गेली.

पुढची चार वर्षं ते रोज चाललं. चहा झाला की ती नुसतं म्हणायची, "लाव." मी लावायचो. एखादी गोष्ट पुढेमागे झाली की ती दुरुस्त करायची. शर्टाचा रंग मी एकदा निळा सांगितला तर दोन दिवस रुसली होती. तो खाकी होता. हळूहळू मला तिच्या डोळ्यांकडे बघता येऊ लागलं. तिने मला माफ केलं की नाही, हे मी विचारलं नाही. तिने मला कामाला लावलं होतं, तेवढं मला पुरे होतं.

गेल्या माघात तिला मंचरच्या दवाखान्यात ठेवलं. छाती भरली होती, बोलणं तुटक झालं होतं. सलाइनच्या यंत्राने शिट्टी दिली की ती डोळे न उघडता म्हणायची, "त्याला बगा, कायतरी अडाकलंय." नर्स येऊन बघायची तर नळी खरंच दुमडलेली असायची. तिसऱ्या दिवशी सकाळी माझं मनगट धरून म्हणाली, "लाव." वॉर्डात माणसं होती. मला लाज वाटली नाही. मी खाली वाकून सगळं सांगितलं, काहीही पुढेमागे होऊ न देता. कुत्रं, "हाड", ढुशी, दूध, खाकी शर्ट, हसणं. "आये, बग कसं पितंय. आये, ये की."

तिचे ओठ हलले. "आले रे," एवढंच म्हणाली. पुढचं 'थांब' आलं नाही. मी वाट बघत राहिलो. नर्सने येऊन माझा हात सोडवला.

कॉम्प्युटर अजून मधल्या घरात आहे, अभ्र्याखाली. आता त्यावर कुणी काही करत नाही, सगळ्यांकडे फोन आहेत. शनिवारी मी पत्रा उघडतो, पंखा झाडतो, पट्टी पुसतो. पिन काढून सदऱ्याच्या खिशात ठेवतो आणि वरून हात धरून बसतो. चहा झाला की रोज मनातल्या मनात लावतोही. पण परवा कुत्र्याआधी कोकरू आलं, आणि कुणी "न्हाई" म्हणालं नाही. मी तसाच शेवटपर्यंत गेलो. "आये, ये की" म्हणालो आणि गप्प बसलो. पुढचं वाक्य तिचं आहे.