कापून जोडलेली नोट

लोणावळ्याच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणारे माझे एक परिचित इंग्रजांच्या काळातल्या नोटा जमवतात. नोटेला हात लावण्यापूर्वी ते साबणाने हात धुतात. गिऱ्हाइकाच्या घड्याळाला हा मान नाही. राजाचं चित्र असलेल्या नोटांचं त्यांना कौतुक नाही. "तोंड सगळ्यांनाच असतं," म्हणतात. त्याआधीची, पाठ कोरी असलेली, कापून जोडलेली नोट ते वीस वर्षं शोधत होते.

परवा मी घड्याळ दुरुस्तीला घेऊन गेलो होतो, तेव्हा टाकवे गावच्या एका मावशींनी पिशवीतून नेमकी तीच काढली.

"फाटकी हाय भाऊ. दोनशे द्या नि ठिवा."

"फाटकी नाही मावशी, कापलेली आहे. टपालात चोरी व्हायची, म्हणून आधी अर्धी पाठवायचे. ती पोचल्याचं पत्र आलं की उरलेली. दोन्ही तुकड्यांवर नंबर एकच, बघा."

"मग तीनशे द्या!"

"हजारांत जाईल. मला झेपायची नाही. पुण्यात दोन-तीन ठिकाणी दाखवा."

त्यांनी नोट कोऱ्या कागदात घालून परत दिली.

मावशी गेल्यावर मी म्हणालो, "वीस वर्षं शोधलीत, आणि सोडून दिलीत?"

"सापडली की," म्हणत त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि माझं घड्याळ उघडलं. अर्थात, हात न धुता.