कानाला लावलेला स्क्रूड्रायव्हर

बाबांच्या जुन्या गाडीचं इंजिन उभ्या जागीही गुरगुरत होतं. बाबा गेल्यावर मी ती पहिल्यांदाच गॅरेजमध्ये आणली होती. बाबूमेस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. इतकं मन लावून आपण माणसाचं तरी कधी ऐकतो का, असं मनात आलं.

"दुखणं काहीच नाही," ते म्हणाले. "कुणीतरी रेसचा स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढवून ठेवलाय."

गाडीला हात लावणारे एकटे बाबाच. शेवटच्या वर्षांत टीव्हीही ते मोठ्याने लावायचे. मी येता-जाता आवाज कमी करायचो. इंजिन चालू आहे हे कळावं म्हणून त्यांनी हा स्क्रूही थोडा थोडा फिरवत नेला असणार.

मेस्त्रींनी तो उलटा फिरवला. गाडी कुजबुजल्यासारखी चालू लागली.

"बाबा, केवढी ओरडते तुमची गाडी!" असं मी शेजारच्या सीटवरून दर वेळी कुरकुरायचो आणि ते समोर बघत नुसते हसायचे. मला वाटायचं, गाडीचं किती कौतुक यांना! त्यांना माझं ऐकूच येत नव्हतं.