साताऱ्याची खूण

आमच्या पिकअपची पेट्रोलची टाकी केबिनमध्येच होती. सीटच्या मागं, उभी. सीटची पाठ पुढं ओढली की टाकीचं झाकण. सासऱ्यांनी ही गाडी लष्कराच्या लिलावातून आष्ट्याला आणली होती. लढाईवर जाणाऱ्या माणसाच्या पाठीशी पेट्रोल ठेवायची कल्पना कुणाची, ते देव जाणे. पण लग्न झाल्यापासून पन्नासेक वर्षं मी त्या टाकीला टेकून सांगली, इस्लामपूर, सातारा केलं. लग्नकार्याला निघताना बाकीच्या बायका अत्तर लावायच्या. मला कधी गरज पडली नाही. मी मांडवात शेजारी टेकले की बाई नाकाला पदर लावून विचारायची, "गाडीतनं आलासा व्हय?"

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून गाडी शेडात उभी होती. नात साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. तिला आजोबांच्या गाडीचं वेड. रविवारी रविवारी येऊन तिनं इंजिन चालू केलं, ब्रेक बदलले, आणि यंदाच्या नागपंचमीला आजीला ह्याच गाडीतून माहेरी नेणार म्हणून जाहीर केलं. माझं माहेर सातारा. आता तिथं माझी एक धाकटी बहीण आणि तिचे दुखरे गुडघे एवढंच उरलंय, पण माहेर ते माहेर.

मुलगा मध्ये पडला. म्हणाला, मानेमागं पेट्रोल घेऊन माझी आई आणि माझी पोरगी हायवेला जाणार नाहीत. टाकी केबिनमधून निघून मागं हौद्याखाली गेली तर गाडी राहील. नाही तर पंचमी झाली की भंगारात.

यात चुकीचं काही नव्हतं. सगळ्यांसमोर मी मान डोलावली. आणि मिस्त्री यायच्या दिवशी सकाळीच सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन गाडीत जाऊन बसले. दार आतून लावलं.

मिस्त्री आष्ट्यातलाच, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणारा. त्यानं खिडकीतून डोकावून पाहिलं.

"आज्जी, तुमी उठला तर टाकी निघंल."

"शेंगा फोडून होऊ देत."

"किती हायत?"

"पोतंभर."

तो शहाणा माणूस. वाद न घालता पायरीवर टेकला, सुपातल्या मूठभर घेतल्या आणि फोडायला लागला. थोड्या वेळानं नात आली आणि ड्रायव्हरच्या बाजूनं आत चढून बसली. मला काय झालंय ते तिनं विचारलं नाही. तिनं फक्त सीटमागून कामटी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. पोरगी आजोबांवर गेली आहे.

त्या कामटीबद्दल सांगते. गाडीचा पेट्रोलचा काटा आम्ही कधी हललेला पाहिला नाही. म्हणून दोन हात लांबीची बांबूची एक कामटी होती. टाकीत बुडापर्यंत सोडायची, वर काढायची, ओल कुठवर आली ते बघायचं. त्यावर लिटर लिहिलेले नव्हते. ह्यांनी तापल्या खिळ्यानं गावं डागली होती. खाली इ, म्हणजे इस्लामपूरला जाऊन येण्यापुरतं. मग क, कराड. सगळ्यात वर सा. ओल त्या खुणेला लागली की सातारा गाठायचा, नाही तर नाही. टाकी हलली, आडवी झाली, की ह्या सगळ्या खुणा खोट्या पडणार होत्या. माझं दुखणं एवढंच होतं. पण ते सांगायचं तर कामटीची सगळीच गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती मी अर्ध्या शतकात कुणाला सांगितली नव्हती.

ही गोष्ट घडली तेव्हा मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक पास, आणि आष्ट्यात येऊन सहा महिने झाले तरी "आमच्या साताऱ्याला" म्हटल्याशिवाय माझं वाक्य सुरू होत नव्हतं. साताऱ्याचं पाणी गोड, साताऱ्याची हवा थंड. सासूबाई एकदा माझी भाकरी हातात फिरवत म्हणाल्या, "तुमच्या साताऱ्याला भाकरी गोल असत्यात, का तितं बी असल्याच?" मी रागावून दोन दिवस बोलले नाही. सगळ्या घराला तेवढीच विश्रांती मिळाली असणार.

पहिली पंचमी माहेरी करायची. मला भाऊ नाही, तेव्हा न्यायला मुराळी कोण येणार? हे म्हणाले, मीच सोडतो. पण त्या दिवसांत पेट्रोलची टंचाई होती. इस्लामपूरच्या पंपावर 'पेट्रोल नाही'ची पाटी, कराडच्या पंपावर तीच पाटी. साताऱ्यात माझ्या वडिलांनी परतीसाठी एक डबा राखून ठेवला होता, म्हणजे जायचीच काय ती अडचण. ह्यांनी कामटी टाकीत सोडली, वर काढली आणि मला दाखवली. ओल साच्या खाली चार बोटं.

"एवढ्यात न्हाई पोचायचं," म्हणाले. "पुढच्या आठवड्यात बघू."

पुढच्या आठवड्यात पंचमी असते का? मी गोठ्यामागं जाऊन रडले, आणि रडता रडता मला एक शोध लागला. पेट्रोल कमी नाहीच. कामटी लांब आहे.

दुसऱ्या दिवशी हे रानात गेल्यावर मी विळीवर कामटीचं बूड चार बोटं कापून टाकलं. खुणा जिथल्या तिथं राहिल्या, नुसत्या चार बोटं खाली उतरल्या. आणि हे सगळं पंचमीच्या दोन दिवस आधी उरकलं, कारण पंचमीला चिरायचं कापायचं नसतं. नवऱ्याला फसवताना धर्म तेवढा नीट पाळला. कापलेला तुकडा चुलीत गेला. मग ह्यांना म्हटलं, एकदा परत बघा की, गाडी काल उतारावर होती. ह्यांनी पाहिलं. ओल बरोबर साच्या खुणेला लागली. थोडा वेळ कामटीकडं बघत राहिले आणि म्हणाले, "चल, आवर."

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. मी नव्या साडीत, टाकीला टेकून, मनात झोपाळ्याची गाणी. कराड मागं पडलं. उंब्रजच्या अलीकडं गाडीनं दोन उसासे टाकले, गावापर्यंत कशीबशी आली आणि एका चहाच्या टपरीसमोर उभी राहिली. ह्यांनी सीटची पाठ ओढून कामटी काढली, आत सोडली. कोरडी. मग त्यांनी तिचं बूड बघितलं. पेट्रोलनं आणि हातांनी काळी पडलेली कामटी, आणि टोकाला पांढराशुभ्र ताजा काप. मी रस्त्यापलीकडची म्हैस बघत होते. एवढ्या मनापासून म्हैस मी पुन्हा कधी बघितली नाही.

ह्यांनी कामटी परत सीटमागं ठेवली. साताऱ्याची एसटी थांबवली, माझी पेटी चढवली आणि म्हणाले, "पोचलीस की पहिलं काम, वडलांना सांग. डबा धाडा म्हणावं. गाडी सोडून मला येता यायचं न्हाई."

मी पोचले. दारात मैत्रिणी. मेंदी वाटून तयार. आईनं विचारलं, जावई? मी म्हटलं, येतायत मागनं. त्यावेळी खरं सांगितलं असतं तर पेट्रोल का संपलं तेही सांगावं लागलं असतं. म्हटलं, हात रंगू देत, मग सांगते. मग फेर धरला. मग दुसऱ्या दिवशी पूजा, मग झोपाळा. मी झोपाळ्यावर उंचच उंच जात होते आणि दुपारी वडिलांनी खालून विचारलं, "अगं, मागनं म्हणजे नक्की कुठनं?" तेव्हा कुठं मी उतरले. वडील डबा घेऊन ओळखीच्या ट्रकनं उंब्रजला गेले. तोवर श्रावणाच्या भुरभुर पावसात दीड दिवस तो माणूस टपरीसमोर गाडी राखत बसला होता.

संध्याकाळी दोघं आले. आईनं पुरणाची दिंडं वाढली, वर तुपाची धार. वडिलांनी विचारलं, फार हाल झाले का हो? मी दाराआड उभी. आता हे सांगणार आणि माझी पंचमी संपणार. हे म्हणाले, "छे, हाल कसले. उंब्रजचा चहा लय चांगला असतोय."

बस्स. कामटीच्या कापाचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही, पुढंही नाही. पंधरा दिवसांनी कामटी माझ्या हातात आली तेव्हा पाहिलं, जुन्या साच्या शेजारी नवीन अक्षर डागलं होतं. उं. आणि चार बोटं वर नवा सा; इ आणि क पण तसेच वर सरकवलेले. माझी लबाडी त्यांनी गावाच्या नावानं नोंदवून ठेवली होती आणि पुढं सारा जन्म तीच कामटी वापरली.

हे सगळं मी शेंगा फोडता फोडता नातीला सांगितलं. ती पोट धरून हसली. पायरीवरचा मिस्त्री ऐकत होता हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तो म्हणाला, "मग अडतंय कुटं? टाकीला वरनं बी एक झाकण ठिवतो. हौद्याची एक फळी सुटी करतो. कामटी सरळ आत जाईल."

"आणि खुणा?" मी विचारलं.

"नव्या करू," नात म्हणाली. "कामटीच्या दुसऱ्या अंगाला. आजोबांच्या आहेत तशाच राहतील."

मी सूप घेऊन खाली उतरले.

टाकी निघाली. मागं, हौद्याखाली, नवी चपटी टाकी बसली, पट्ट्यांनी आवळून, मध्ये रबर घालून. टाकी खाली गेल्यामुळं पेट्रोल वर चढवायला पंप लागला. डॅशबोर्डवर काटाही आला आणि तो चक्क हलतो. तरी पंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघींनी डब्यानं मापून पेट्रोल ओतलं. गाडी किती पेट्रोलला किती पळते ते नातीनं आधीच काढून ठेवलं होतं. ती ओलीची जागा सांगायची, कामटी वाळली की मी लांब चुलीपाशी खिळा तापवून डागायची. टाकी चपटी, त्यामुळं जुन्या दोन हातांतली गावं आता वीतभरात आली. इ, क, सा. नात खिळा विझवायला निघाली तेव्हा मी म्हटलं, थांब, एक राहिलं. क आणि साच्या मध्ये उं डागला.

दुसऱ्या दिवशी निघालो. मुलगा गाडीच्या दारात उभा राहून केबिनमध्ये नाक खुपसून गेला. वास नव्हता. मला पाठीमागं मोकळं मोकळं वाटत होतं, टेकायला कुणी नसल्यासारखं. हायवे आता एवढा रुंद झालाय की कराड कधी गेलं कळलंच नाही. उंब्रजजवळ मी नातीला आत वळायला सांगितलं.

"पेट्रोल आहे की भरपूर," ती म्हणाली.

"असू दे. थांबायचंय."

ती टपरी कधीच गेली. तिथंच आसपास एक हॉटेल आहे. आम्ही हौद्याची मागची फळी खाली पाडून तिच्यावर बसलो, पाय सोडून. भुरभुर पाऊस होता. चहा आला. मी एक घोट घेतला, दुसरा घेतला.

गोड पाणी, बाकी काही नाही. एवढ्या वर्षांत बिघडला म्हणावं, तर तसंही नसणार. मी सगळा प्याले आणि अजून एक मागवला.