साडेसात की साडेआठ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला यातलं अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं — तुला सांगते.

चारकोपला माझा जर्मनचा क्लास आहे. चांगला चालतो. सुरू केला तेव्हा एका सेक्टरमधली भाड्याची खोली, एक फळा आणि बारा जणी — बहुतेक नर्स, जर्मनीत नोकरीला जायचं म्हणून शिकणाऱ्या. पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही तिकडे राहून आलात ना?" मी जर्मन शिकले अंधेरीत, नोकरी सांभाळून. परीक्षा पास झाले होते, तेवढं खरं सांगता आलं असतं. का नाही सांगितलं? तोंडातून निघालं — "हो, दोन वर्षं."

एकदा बोललं की मग मागे कसं फिरायचं?

त्या बारा जणींत दिंडोशीची प्रज्ञा होती. ड्युटी संपवून यायची, पुढच्या बाकावर बसायची. एकदा मी घड्याळाची वेळ शिकवत होते. जर्मनमध्ये "हाल्प आख्त" म्हणजे अर्धा आठ — आठाला अर्धा तास कमी, म्हणजे आपले साडेसात. मला हे माहीत होतं गं! पण घाईत फळ्यावर लिहिलं, साडेआठ.

प्रज्ञा हळूच म्हणाली, "मॅडम, पुस्तकात साडेसात दिलंय."

त्याच क्षणी चूक कळली. पुसायला किती वेळ लागला असता? मी मात्र सगळ्यांसमोर म्हणाले, "तिकडे तू राहिलीयस की मी?"

वर्ग हसला. तिनं वही मिटली. आणि मी — मी ते साडेआठ तसंच फळ्यावर ठेवलं.

नर्सला वेळ चुकीची शिकवली. औषधाची, ड्युटीची, मुलाखतीची वेळ. याचा विचार मनात आला नाही असं नाही. आला. दुसऱ्या दिवशीही मी ते दुरुस्त केलं नाही.

महिनाभरानं त्याच वर्गातली शीतल नावाची दुसरी मुलगी पेढे घेऊन आली. तिची ऑनलाइन मुलाखत झाली होती, निवड झाली होती. सहज म्हणाली, "वेळ त्यांनी हाल्प आख्तच दिलेली, मॅडम. बरं झालं, प्रज्ञानं तेव्हा जिन्यातच सगळ्यांना सांगितलं — मॅडमची जीभ घसरली, साडेसातच लिहा."

जीभ घसरली! जिचं मी सगळ्यांसमोर हसं केलं, तिनं माझी अब्रू राखली. शीतलची नोकरीही वाचवली. मी पेढा खाल्ला. प्रज्ञाला एक शब्द बोलले नाही.

जर्मनीला जायच्या आधी प्रज्ञानं विचारलं, "मॅडम, तिकडे तुम्ही कुठं राहत होता?" तेव्हा तरी? नाही. पुस्तकात चित्र पाहिलेल्या एका नदीकाठच्या गावाचं नाव मी सांगितलं.

आज प्रज्ञा तिकडच्या हॉस्पिटलात आहे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुली तिच्याच शब्दावर येतात. माझं घर, माझं नाव — त्यात तिचा मोठा वाटा आहे. तिची आठवण आली की ऊर भरून येतो, आणि लगेच मान खाली जाते.

गेल्या हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी ती मुद्दाम त्या गावी गेली. चार तासांचा प्रवास करून. पुलावर उभी राहून फोटो पाठवला — "मॅडम, तुमचं गाव!"

मी उत्तर पाठवलं, "अगदी तसंच आहे गं अजून."

मी जर्मनी पाहिलेली नाही.