कटल्याचं तोंड आणि टेंभरेचं रीळ

जाळं दुसऱ्यांदा फाटून वर आलं, तेव्हा साहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. दोघं म्हणजे मी आणि टेंभरे. दोघंही मत्स्य खात्यात इन्स्पेक्टर, बालाघाटच्या एकाच ऑफिसात, समोरासमोरच्या टेबलांवर.

तलाव हट्टा गावाच्या बाजूचा होता. कधीतरी त्याची पाळ उंच केली, पाणी वाढलं आणि काठची बाभळी-पळसाची झाडं बुडाली. झाडं कुजून गेली, खुंट तळाशी तसेच उभे राहिले. जाळं ओढलं की खुंटाला अडकायचं आणि फाटायचं. मासे आत आहेत हे सगळ्यांना दिसत होतं, हाती एकही येत नव्हता.

"फिश ज़िंदा चाहिए," साहेब म्हणाले. ते जबलपूरकडचे, बोलणं हिंदीतच. "कटला चाहिए, और बारिश से पहले चाहिए. जाल नहीं चलता तो बंसी डालो."

बंसी म्हणजे गळ. खात्याचा माणूस सरकारी कामासाठी गळ टाकून बसतो, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण अडचण खरी होती. कटला, रोहू, मृगल हे आपले मोठे मासे साचलेल्या तलावात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्या काळात नवी पद्धत आली होती. दुसऱ्या माशाच्या डोक्यातल्या एका ग्रंथीचा अर्क काढायचा, तो नर-मादीला इंजेक्शननं द्यायचा, आणि मासे आपल्या हौदाजवळ, आपल्या डोळ्यांसमोर अंडी घालतात. आमचं मत्स्यबीज फार्म त्यासाठीच तयार होत होतं. इंजेक्शन होतं, हौद होते. मोठे, निरोगी, न दुखावलेले कटले तेवढे नव्हते. जखमी मासा अंडी घालत नाही. बहुतेक वेळा तो जगतच नाही.

जीपमध्ये बसता बसता साहेब आणखी एक वाक्य बोलले. "जो लाएगा, फार्म का चार्ज उसी को."

मला तो चार्ज हवा होता. फायलींच्या टेबलावरून उठून स्वतःचे हौद, स्वतःचं पाणी आणि स्वतःचं वेळापत्रक मिळणार होतं. फार्मवर कुठली वस्तू कुठे ठेवायची, याच्या याद्या मी मनात कधीच करून ठेवल्या होत्या. टेंभरेलाही चार्ज हवा असणार. तो माझ्याहून वयानं लहान, नोकरीत ज्युनिअर, पण बाहेरून ट्रेनिंग करून आलेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाळीवर आपली पेटी उघडली. मी न पाहिल्यासारखं करून सगळं पाहिलं. विलायती रीळ, बोटानं ढकललं तरी आवाज न करता फिरणारं. फायबरची काठी, मुठीला बूच. केसासारखी बारीक नायलॉनची दोरी. कप्प्याकप्प्यांत मापाप्रमाणे लावलेले हुक. पेटीत वस्तू अशा लावायची कल्पना मला सुचायला हवी होती, हे मनात आलं आणि अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

साहेबांनी रीळ हातात घेतलं, दोनदा फिरवलं आणि म्हणाले, "वाह." माझ्या बांबूच्या काठीला त्यांनी हात लावला नाही. तिच्यात हात लावण्यासारखं काही नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण लावायला हरकत नव्हती.

"पटले भाऊ, तुमच्याजवळ हुक कोनते आहेत?" टेंभरेनं विचारलं.

"आहेत."

"हे घ्या. ह्यायची धार पाहा. बाजारातले बोथट असतात." त्यानं मूठभर हुक माझ्या हातात ठेवले. मी मागितले नव्हते. हुक फारच चांगले होते, त्यामुळे परतही करता आले नाहीत.

इथे थोडं सामानाविषयी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. गळाचं सामान माशाच्या तोंडावरून निवडायचं असतं. मृगलचं तोंड खाली वळलेलं, तो तळाचं खातो. रोहूचं जवळपास समोर, तो मधल्या पाण्यात फिरतो. कटल्याचा खालचा जबडा पुढे आणि तोंड वर, आभाळाकडे. तो खालून वर येत खातो. म्हणून कटल्याचं आमिष तळाशी टाकून उपयोग नाही. ते तरंग्याखाली, वरच्या पाण्यात लटकलं पाहिजे. तरंगा म्हणजे दोरीला बांधलेलं, पाण्यावर उभं राहणारं मोरपिसाचं देठ. ते हललं की मासा आला.

टेंभरेनं शेंगदाण्याची पेंड, भाजलेली मेथी आणि ओवा कुटून चारा केला होता. त्याचा वास पाळीवरून गावापर्यंत गेला. त्या चाऱ्याचा मोठा गोळा करून त्यात त्यानं हुकांचा झुपका लपवला. एका दोरीला चार-पाच हुक, चहूबाजूंना तोंडं. मासा गोळा चोखायला येतो आणि कुठला ना कुठला हुक कुठे ना कुठे लागतो. शिकारीसाठी अगदी पक्की पद्धत. त्यानं काठी मागे नेऊन फेकली, तेव्हा गोळा तलावाच्या मध्यापर्यंत गेला. माझा बांबू काठाजवळच राहिला.

दुपारपर्यंत त्यानं मृगल काढले, एक रोहू काढला. पाळीवर गर्दी जमली. प्रत्येक माशाला लोक वाहवा करत. मला कुणी काही विचारलं तर एवढंच, "तुमाले नाई लागत का जी?" आम्हाला कटला हवा होता, मृगल नाही, त्यामुळे टेंभरेचं काम माझ्याइतकंच शून्यावर होतं. हे मला पूर्ण समजत होतं. तरी प्रत्येक मृगल माझ्याच खिशातून काढल्यासारखा वाटत होता.

संध्याकाळी उन्हं उतरताना त्याला कटला लागला. चांगला धोतराच्या घडीएवढा रुंद. बारीक दोरी तुटू नये म्हणून टेंभरेनं त्याला बराच वेळ खेळवला. रीळ सुटायचं, पुन्हा गुंडाळायचं. लोक बघत उभे. साहेब बूट काढून पाण्यात उतरले. मीही पाहत होतो. तो सुंदर खेळवत होता, हे मी आज लिहू शकतो.

मासा हाप्यात सोडला. हापा म्हणजे चार बांबूंना बांधून पाण्यात सोडलेली कापडाची मोठी चौकोनी पिशवी. पकडलेला मासा तिच्यात राहतो. सकाळी कटला हाप्यात आडवा तरंगत होता. झुपक्यातला एक हुक ओठाला आणि दुसरा कल्ल्यात लागला होता. शिवाय मे महिन्याच्या कोमट पाण्यात इतका वेळ ओढाताण झालेला मासा तसाही थकून मरतो.

टेंभरे हाप्यापाशी बसून होता. "माझीच चुकी," तो म्हणाला. "मारायचं सामान घेऊन जितं पकडाले आलो." आणि त्यानं मेलेल्या माशाचे कल्ले उघडून हुक कसा लागला ते मला दाखवलं, मी शिकावं म्हणून. चिडायलाही जागा ठेवली नाही.

मी त्या दिवशी काठी पाळीवर ठेवली आणि तलावाला वळसा घातला. पलीकडच्या बाजूला दगडी घाट होता. घाटाच्या वर सोनाबाईची भट्टी. ती मुरमुरे आणि फुटाणे भाजायची. घाटाची जणू ती मालकीणच होती. गावातली रीत अशी की नवी सून लग्न होऊन आली की चुलीला हात लावायच्या आधी घाटावर येऊन माशांना मुरमुरे घालते. उरलेल्या दिवसांत सोनाबाई चाळणीतला चुरा पाण्यात टाके. मी उभा असतानाच तिनं टाकला. पाणी काळं झालं. उघडी तोंडं वर आली, आभाळाकडे वळलेली. सगळे कटले.

आम्ही पलीकडे पाळीवर गळ टाकून बसलो होतो आणि मासे घाटावर जेवत होते.

"मावशी, इथं गळ टाकू देता का?" मी विचारलं.

"घाटावर कोनी गळ टाकत नाई, बाबू. माहे मासे सुनांच्या हातचं खाल्लेले आहेत."

"मारायचे नाहीत. फार्मवर नेतो, अंडी झाली की परत आणून सोडतो."

"सरकारी गाडीत गेलेली वस्तू परत येते का?" ती हसली नाही. मग तिनं हात पुढे केला. "काटा दाखव."

मी हुक दिला. तिनं तो उजेडात धरला, उलटसुलट पाहिला. "एकच आहे हा?"

"एकच."

"आन् हे उलटं टोक?"

हुकाच्या टोकाजवळ मागे वळलेलं बारीक टोक असतं. मासा लागल्यावर त्यानं सुटू नये म्हणून. काढताना तेच ओठ फाडतं. "ते कानशीनं घासून टाकतो," मी म्हटलं.

"घास," ती म्हणाली. "माह्या समोर घास."

तिच्या ओट्यावर बसून मी टेंभरेनं दिलेले हुक घासले. एकेक हुक तिनं स्वतःच्या अंगठ्यावर ओढून पाहिला. मग गावच्या पटेलांना, म्हणजे पाटलांना, बोलावलं. पटेल तिचंच ऐकत, असं दिसलं. अट एवढीच ठरली की गेलेला प्रत्येक मासा परत आला पाहिजे. एवढ्या सहज होकार मिळाला, याचं श्रेय मी माझ्या बोलण्याला दिलं आणि परतताना खूश होतो.

सामान मी नव्यानं जुळवलं. काठी बांबूचीच. दोरी जाड, कारण आता खेळवायचं नव्हतं. मासा दमायच्या आत काठाला आणायचा होता. हुक एक आणि छोटा. वजनाला शिसं अगदी नावाला. तरंग्याखाली वीतभर दोरी. आमिष म्हणजे ओले करून दाबलेले मुरमुरे, धरून ठेवायला चिमूटभर कणीक. मेथी नाही, ओवा नाही. ज्या माशाला रोज मुरमुरे मिळतात, त्याला मसाला हुंगायला लावण्यात अर्थ नव्हता.

सकाळी सोनाबाईनं मूठभर मुरमुरे फेकले. कटले वर आले. त्यांच्यात माझी गोळी सोडली. मोरपिसाचं देठ तिरकं झालं आणि सरकन आत गेलं.

"वढा," मागून आवाज आला. टेंभरे छातीएवढ्या पाण्यात उभा होता, हातात भिजवलेलं पोतं. मी बोलावलं नव्हतं. मी बांबू सरळ मागे घेतला, मासा पायरीपाशी आला, आणि टेंभरेनं त्याच्यावर ओलं पोतं टाकून डोळे झाकले. डोळे झाकले की मासा शांत होतो. हे मला ठाऊक नव्हतं, त्याला होतं. हुक बोटांनी निघाला. रक्ताचा थेंब नाही.

"नर की मादी?" त्यानं विचारलं.

मी छातीच्या पराखाली बोट फिरवलं. या दिवसांत नराचा पर आतून खरखरीत लागतो, मादीचा गुळगुळीत. "मादी."

"मस्त भाऊ. तुमचं सामान एकदम बराबर आहे."

स्तुती ऐकून समाधान वाटायला हवं होतं. त्याच्या तोंडून आली नसती तर वाटलंही असतं.

दोन दिवसांत हवे तेवढे नर-मादी मिळाले. एकही मेला नाही. टाक्यांमध्ये पाणी भरून जीपनं फार्मवर नेले, इंजेक्शन दिलं, आणि पहाटे हाप्याच्या कापडावर अंडी चमकताना साहेबांनी स्वतः पाहिली. मी बाजूला उभा होतो, हात पुसून, शाबासकीसाठी तयार.

"सर, सब पटलेजी का काम है," टेंभरे म्हणाला. "मेरे तरीके से तो मछली मर गई थी."

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "देखो पटले," ते मला म्हणाले, "कितना बड़ा दिल है इसका."

मासे मीच पकडले होते आणि मन मोठं त्याचं ठरलं.

पाऊस स्थिरावल्यावर मी मासे परत घेऊन गेलो. गाव घाटावर जमलं. एकेक मासा पाण्यात सोडताना सोनाबाई बोटांवर मोजत होती. हिशेब बरोबर निघाला, तेव्हा तिनं माझ्या रुमालात फुटाणे बांधले आणि पाळीकडे पाहत विचारलं, "टेंभरे बाबू नाई आले?"

"त्याले काम होतं."

"आले असते तं बरं झालं असतं. त्यायनंच तं सांगतलं होतं."

"काय सांगतलं होतं?"

"तो मासा मेला ना, त्याच सकाळी आलते. म्हने, मावशी, माहा काटा खराब आहे, मले घाटावर गळ टाकू देजो नोको. पन पटले बाबू येईन, त्याले हौ म्हनजो. त्याचा काटा एकच राह्यते, मानूस नेमाचा आहे." तिनं रुमालाची गाठ घट्ट केली. "म्हनून तं मी काटा मांगला. नाईतर तुमाले कोन ओळखते?"

मी फुटाणे घेतले आणि जीपमध्ये बसलो. ड्रायव्हरनं फुटाणे मागितले, मी सगळा रुमाल त्याला दिला.

फार्मचा चार्ज मला मिळाला. पुष्कळ वर्षं चालवला आणि चांगला चालवला. हौद स्वच्छ, नोंदी वेळेवर. टेंभरेला पुन्हा ट्रेनिंगला पाठवलं. तो तिथून मोठा होऊन आला आणि माझा साहेब झाला. चांगला साहेब होता. इन्स्पेक्शनला आला की हौदात हात घालून पाणी बघायचा, माझ्या कामाची तारीफ वर लिहून पाठवायचा, आणि जाताना एखादी हुकांची पुडी टेबलावर ठेवून जायचा. मला त्याचा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो, आणि माझा हेवा त्याला कधी कळलाच नाही, याचाही वाटतो.

ओळखीचे लोक अजून विचारतात, कटल्यासाठी सामान काय घ्यावं. मी सांगतो: हुक एक घ्यावा, लहान आणि धारदार, जिवंत हवा असेल तर उलटं टोक घासून टाकावं. दोरी गरजेपेक्षा बारीक नसावी. आमिष आपल्याला आवडेल ते नव्हे, त्या पाण्यातला मासा रोज खातो ते लावावं आणि तळाशी न टाकता वर ठेवावं. काठी बांबूची चालते. आणि सोबत माणूस न्यायचाच असेल, तर तो आपल्यापेक्षा थोडा कमी चांगला बघून न्यावा.